जुन्या वाणाच्या कोबीचे बियाणे शोधताना : कोकणातील बागायतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून गुहागरपर्यंतच्या पट्ट्यात परसात किंवा वायंगणात भाजीपाला करणाऱ्या माणसांनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. मी वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक नाही. माझ्या आजोळी होणारा मोठा, चपटा कोबी पुन्हा लावावा एवढ्याच इच्छेने मी हा शोध सुरू केला होता, आणि पहिले दीड वर्ष मी चुकीच्या ठिकाणी शोधत राहिलो. ती चूक इतरांनी करू नये म्हणून उत्तरे थोडी विस्ताराने लिहिली आहेत.

आजीच्या वेळच्या कोबीचे बियाणे गावातल्या जुन्या घरांत मिळेल का?

बियाण्याची माहिती मिळेल, बियाणे मिळणार नाही. कडवा वाल, चवळी, पडवळ, दोडका, तवसे, लाल माठ यांचे बियाणे कोकणात घरोघरी राखले जात असे आणि काही घरांत आजही राखेत घोळवून, बाटलीत भरून किंवा चुलीवरच्या धुरात टांगून ठेवलेले सापडते. या भाज्यांसाठी गावातल्या वयस्कर बायकांना विचारत फिरणे हाच उत्तम मार्ग आहे. कोबीला मात्र तो मार्ग लागू पडत नाही, कारण कोकणच्या किनाऱ्यावर कोबी कापला जातो, शिजवला जातो, पण त्याला फुलोरा येत नाही. आपल्या आजीने कोबीचे बी कधी धरले नव्हते. ते दर वर्षी विकतच आणले जात होते. ही एक गोष्ट लक्षात आली की शोधाची दिशा बदलते. आपण एखादा स्थानिक, गावठी वाण शोधत नसतो, तर एके काळी पाकिटातून आलेला आणि पुढे बाजारातून मागे पडलेला वाण शोधत असतो.

कोकणात कोबीला बी का धरत नाही?

कोबी द्विवर्षायू आहे. पहिल्या हंगामात तो पाने गुंडाळून गड्डा करतो. नंतर त्याला दीर्घ थंडी सोसावी लागते, आणि त्यानंतरच गड्डा फोडून फुलांचा दांडा वर येतो. ही थंडी म्हणजे पहाटेची चार दिवसांची हुडहुडी नव्हे. साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस तापमान सलग सहा ते आठ आठवडे मिळावे लागते, आणि तेही रोप पुरेसे मोठे झाल्यावर. पेन्सिलीपेक्षा बारीक खोडाच्या कोवळ्या रोपाला कितीही थंडीत ठेवले तरी ते या थंडीची दखल घेत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी जानेवारीतही रात्रीचे तापमान १८ अंशांच्या आसपास असते. दापोलीच्या पठारावर किंवा घाटाच्या पायथ्याशी पारा आणखी खाली उतरतो, परंतु दुपार झाली की पुन्हा ऊन तापते आणि रात्रीच्या थंडीचा परिणाम बराचसा पुसला जातो. त्यामुळे शेतात विसरलेला कोबी आपल्याकडे फुलत नाही. तो तडकतो, त्याला बगलेतून छोटे कोंब फुटतात, आणि एप्रिलच्या उन्हात सडून जातो.

गंमत अशी की कोबीचे रानटी पूर्वज युरोपातील समुद्रकिनाऱ्यांवरच्या कड्यांवर वाढतात. खाऱ्या वाऱ्याशी या कुळाचे मूळचेच नाते आहे. आपल्या किनाऱ्यावर त्याला उणीव भासते ती केवळ हिवाळ्याची.

मग आजी बियाणे कोठून आणत असे?

आठवडा बाजारातून, तालुक्याच्या दुकानातून, किंवा मुंबईस राहणाऱ्या माणसाकडून मागवून. पण ते बी त्या दुकानापर्यंत कोठून येत होते, हे पाहिले तर वाणाचा अंदाज बांधता येतो. ‘कोबी’ हा शब्दच पोर्तुगीज ‘कोउव्ह’ या शब्दावरून आपल्याकडे आला. इंग्रजी अमदानीत कोबीचे बियाणे मुख्यतः परदेशातून जहाजाने येत असे, आणि म्हणून जुन्या वाणांची नावे युरोप-अमेरिकेतील आहेत. दुसऱ्या महायुद्धात ही आयात खुंटली, तेव्हा १९४२-४३ च्या सुमारास क्वेट्टा येथे थंड हवेच्या भाज्यांचे बी धरण्यास सुरुवात झाली. फाळणीनंतर क्वेट्टा पाकिस्तानात गेले आणि १९४९ मध्ये हिमाचलच्या कुलू खोऱ्यात कटराईं येथे भाजीपाला पैदास केंद्र उभे राहिले, जे पुढे भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आले. कोबीच्या भारतीय बियाण्याचे घर तेव्हापासून कुलू खोरे आणि काश्मीर हेच आहे.

याचा व्यावहारिक उपयोग असा : घरातील माणसाला कोबी कोणत्या दशकात होत असे हे आठवत असेल, तर तो स्वातंत्र्यापूर्वीचा आयात वाण असावा की नंतरचा कुलूतील, एवढे तरी वेगळे करता येते. माझ्या मामीला वर्ष आठवत नव्हते. पण ‘धरणग्रस्तांचे लोक गावात आले त्या साली कोबी फार मोठा झाला होता’ हे पक्के आठवत होते, आणि तेवढे पुरले.

वाणाचे नाव कोणालाच आठवत नाही. ओळख कशी पटवावी?

नाव विचारूच नये. नाव विचारले की माणसे ओशाळतात, किंवा आपल्याला बरे वाटावे म्हणून काहीतरी सांगतात. त्याऐवजी गड्ड्याचा आकार, वजन, लागवडीपासून काढणीपर्यंतचा काळ आणि शिजवतानाचा अनुभव विचारावा. भारतात लावल्या गेलेल्या जुन्या कोबींचे ढोबळमानाने चार कुळांत वर्गीकरण होते, आणि चांगली आठवण असलेली व्यक्ती पाच मिनिटांत त्यांपैकी एकाकडे बोट दाखवते.

पहिले कूळ लहान, गोल आणि घट्ट गड्ड्याचे. यात कोपनहेगन मार्केट हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा डॅनिश वाण येतो, त्यातूनच निवडलेला गोल्डन एकर येतो, आणि प्राइड ऑफ इंडियाही येतो. गोल्डन एकरचा गड्डा एक ते दीड किलोचा असतो, बाहेरची पाने वाटीसारखी वळलेली असतात, आणि लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत तो काढणीला येतो. काढायला उशीर झाला की तो तडकतो. ‘आमचा कोबी लवकर होई, पण दोन दिवस उशीर झाला की फुटे’ असे कोणी म्हणाले, तर याच कुळाचा विचार प्रथम करावा.

दुसरे कूळ मोठ्या, चपट्या गड्ड्याचे, ज्याला ड्रमहेड म्हणतात. पुसा ड्रमहेडचा गड्डा तीन ते पाच किलोपर्यंत जातो, वरून दाबल्यासारखा दिसतो, पानांची मधली शीर जाड आणि ठळक असते, आणि तो गोल्डन एकरच्या मानाने बराच उशिरा तयार होतो. नावातील ‘पुसा’ म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्था, त्यामुळे या नावाचा वाण स्वातंत्र्योत्तर काळातला. पण त्याच आकाराचे परदेशी ड्रमहेड त्याच्याही आधी येत होते. ‘एक गड्डा चार घरांत वाटला जाई’ ही कोकणातील सर्वांत जास्त ऐकू येणारी आठवण या कुळाकडे निर्देश करते.

तिसरे कूळ टोकदार गड्ड्याचे. जर्सी वेकफील्ड हा त्यातला प्रसिद्ध वाण. कोकणात याची आठवण क्वचितच निघते. निघाली तर ‘केळफुलासारखा’ अशी उपमा दिली जाते, आणि ती अगदी चपखल आहे. चौथे कूळ सॅव्हॉय, म्हणजे सुरकुतलेल्या, फोडफोड आलेल्या पानांचे. ते आपल्याकडे बंगल्यांच्या बागांपलीकडे फारसे गेले नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. काही घरांत ‘कोबीज’ या जुन्या शब्दाने कोबी आणि नवलकोल दोहोंचा उल्लेख झालेला मी ऐकला आहे. भाजी पानांच्या गड्ड्याची होती की जमिनीवर फुगलेल्या खोडाची, हे स्पष्ट विचारून घ्यावे. माझा एक महिना नवलकोलाच्या मागे गेला.

यांपैकी कोणते वाण आजही विकत मिळतात?

गोल्डन एकर आणि प्राइड ऑफ इंडिया सरळ वाणाच्या स्वरूपात, म्हणजे बी धरले तर पुढच्या पिढीतही साधारण तसाच कोबी देणाऱ्या वाणाच्या स्वरूपात, आजही बियाण्यांच्या दुकानांत मिळतात, त्यामुळे आपली आठवण पहिल्या कुळाची असेल तर शोध तेथेच संपू शकतो. ड्रमहेड कुळातील बियाणे शोधावे लागते. सरकारी बियाणे महामंडळे, कृषी विद्यापीठे आणि हिमाचलातील बीजोत्पादक यांच्याकडे चौकशी करावी. दुकानदाराला केवळ ‘जुना कोबी’ न म्हणता वाणाचे नाव आणि ‘सरळ वाण’ असे दोन्ही सांगावे, अन्यथा हातात संकरित वाणाचे पाकीट येते. त्याचा दोष नाही. गिऱ्हाईक तेच मागत असते. संकरित कोबी एकाच वेळी तयार होतो, गड्डे सारखे भरतात, वाहतुकीत टिकतात, आणि व्यापाऱ्याला हेच हवे असते.

एक गोष्ट आधीच मान्य करावी. परपरागित, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणाऱ्या, पिकाचा सरळ वाण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. साठ वर्षांपूर्वीचा गोल्डन एकर आणि आजच्या पाकिटातला गोल्डन एकर यांच्या मधे कितीतरी पिढ्यांची निवड झालेली असते, आणि दोन बीजोत्पादकांच्या एकाच नावाच्या मालातही फरक दिसतो. म्हणून शक्य असेल तर दोन-तीन ठिकाणचे बी आणून शेजारी शेजारी लावावे आणि ज्याने तो कोबी खाल्ला आहे, त्याला बांधावर उभे करून विचारावे.

पाकिटावरचे ‘सरळ’, ‘संकरित’, ‘सुधारित’, ‘देशी’ हे शब्द कसे वाचावेत?

‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ म्हणजे दोन वेगळ्या आईबापांपासून मुद्दाम तयार केलेली पहिली पिढी. जपानमध्ये १९५० च्या सुमारास कोबीचे असे संकरित वाण व्यापारी पातळीवर आले आणि पुढे जगभर पसरले. त्यांचे बी धरले तर पुढच्या पिढीत गड्डे नानाविध निघतात, आणि काही वाणांत नर वंध्यत्व वापरलेले असल्यामुळे परागच तयार होत नाहीत. ‘सुधारित’ हा शब्द बहुधा निवडीने तयार केलेल्या सरळ वाणासाठी वापरतात. ‘देशी’ आणि ‘गावठी’ हे शब्द कोबीच्या पाकिटावर दिसले तर सावध व्हावे, कारण वर सांगितल्याप्रमाणे कोकणचा गावठी कोबी अस्तित्वातच नाही.

सरकारी प्रमाणीकरणात प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा आणि पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेले सत्यप्रत बियाणे या प्रमाणीकरणातून गेलेले नसते, पण म्हणून ते वाईट ठरत नाही. टॅगवरील चाचणीची तारीख वाणाच्या नावाइतकीच काळजीपूर्वक पाहावी.

ऑनलाइन विक्रेत्यांकडील ‘हेअरलूम कोबी’ घ्यावा का?

घ्यावा, पण दहा रुपयांचा माल समजून, वारसा समजून नव्हे. कोबीचे बी आणि मोहरीचे बी दिसायला इतके सारखे असते की नुसत्या डोळ्यांनी वेगळे सांगणे जवळजवळ अशक्य आहे. दोन्ही गोल, तपकिरी, बारीक. मी एकदा ‘शंभर वर्षांपूर्वीचा इंग्लिश कोबी’ असे लिहिलेले पाकीट एका विक्रेत्याकडून मागवले होते. रोपे जोमाने वाढली, आणि सहाव्या आठवड्यात वाफाभर पिवळी फुले आली. कोकणात थंडीशिवाय सहा आठवड्यांत फुलणारा कोबी असू शकत नाही, हे तोवर मला कळू लागले होते. ती मोहरी होती. आम्ही तिची पालेभाजी केली.

पहिली खरी पाने आली की फरक दिसतो : कोबीचे पान जाडसर, गुळगुळीत आणि निळसर झाकेचे असते, पाण्याचा थेंब त्यावरून ओघळून जातो, मोहरीचे पान पातळ, हिरवेगार आणि हाताला खरखरीत लागते. पैसे परत मागायचे असतील तर याच अवस्थेत छायाचित्र काढून ठेवावे.

परदेशातील नातेवाइकाने टपालाने बी पाठवले तर चालेल का?

चालत नाही. बियाणे देशात आणण्यासाठी आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. वनस्पती विलगीकरणासंबंधीचा २००३ चा आदेश याविषयी स्पष्ट आहे. हा केवळ कागदी सोपस्कार नाही. कोबीवरील काळी कूज हा जिवाणूजन्य रोग बियांबरोबर प्रवास करतो, आणि एका लिफाफ्यातून तो नव्या वाडीत पोहोचू शकतो. अमेरिकेत १९७५ पासून जुन्या वाणांचे बी सभासदांमध्ये वाटणारी ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही संस्था आहे, इंग्लंडमध्येही तसे काम चालते. त्यांच्या सूच्या वाणाची ओळख पटवण्यासाठी अवश्य पाहाव्यात. सामानाच्या बॅगेत पाकीट लपवून आणण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तर ऐकू नये.

राष्ट्रीय जनुकपेढीत अर्ज करता येतो का?

दिल्लीतील राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या जनुकपेढीत उणे १८ अंश तापमानाला बियाणे दीर्घकाळ साठवलेले असते, आणि महाराष्ट्रात अकोला येथे तिचे प्रादेशिक केंद्र आहे. ही पेढी दुकानासारखी चालत नाही. नमुने संशोधन, पैदास आणि शिक्षणासाठी, कराराच्या अटींवर आणि अगदी थोड्या संख्येने दिले जातात. म्हणून एकट्याने पत्र पाठवण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रामार्फत किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील भाजीपाला विषयाच्या तज्ज्ञांमार्फत जाणे शहाणपणाचे. अर्जात वाणाचे नाव, तो का हवा आहे, किती रोपे लावणार आणि बी कोठे वाढवणार हे लिहावे. शेवटच्या मुद्द्याचे उत्तर आपल्याकडे नसेल तर अर्ज कच्चा समजावा.

नॉर्वेतील स्वालबार्डच्या बीजतिजोरीविषयीही नेहमी विचारणा होते. २००८ मध्ये सुरू झालेल्या त्या तिजोरीतून बी परत घेण्याचा अधिकार ते ठेवणाऱ्या जनुकपेढीलाच असतो. आपल्या शोधात तिचा उपयोग नाही.

गावपातळीवरील बीजपेढ्यांकडे कोबी मिळतो का?

नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे जे काम उभे केले, ते वाल, घेवडे, भात, वेलभाज्या अशा घरीच बी धरता येणाऱ्या पिकांभोवतीचे आहे. अशा पेढ्यांना भेट अवश्य द्यावी, पण कोबीसाठी नव्हे, साठवण पाहण्यासाठी.

जुन्या पेटीत बियाण्याचे पाकीट सापडले आहे. ते उगवेल का?

पाकीट किती जुने आहे आणि किती पावसाळे उघड्यावर काढले आहेत, यावर ते अवलंबून आहे. कोरड्या, थंड जागी कोबीचे बी चार-पाच वर्षे चांगले टिकते. कोकणातील दमट हवेत कागदी पाकिटात ठेवलेले बी दोन पावसाळ्यांतच क्षीण होते. आजोबांच्या ट्रंकेतील चाळीस वर्षांपूर्वीचे बी उगवेल अशी आशा धरू नये. तरीही ते फेकू नये, कारण पाकिटावरचे नाव हाच आपल्या शोधातला सर्वांत मोलाचा पुरावा असू शकतो.

चार-सहा वर्षांचे बी असेल तर पन्नास बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात आणि डबीत सावलीत ठेवाव्यात. पाचव्या दिवशी पहिली आणि दहाव्या दिवशी शेवटची मोजणी करावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण ठरवलेली आहे; आपल्याला मात्र दुर्मीळ वाणाच्या बाबतीत दहा टक्केही पुरतात, फक्त उगवलेल्या प्रत्येक बीचे रोप करावे, चाचणीतल्या कोंबांसकट.

बी मिळाले. पुढच्या वर्षासाठी आपण स्वतः बी धरू शकतो का?

येथे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता म्हणजे डोंगराळ थंड प्रदेशातील एखाद्या बीजोत्पादकाशी बोलून आपले बी तेथे वाढवून घेणे. कुलू खोऱ्यात शेतकरी उन्हाळ्याच्या शेवटी रोपे लावतात, गड्डे हिवाळाभर शेतात राहतात, आणि वसंतात गड्ड्यावर अधिक चिन्हासारखा छेद देतात म्हणजे फुलांचा दांडा सहज बाहेर पडतो. काही जण गड्डा कापून विकतात आणि उरलेल्या खुंटावर बी धरतात. त्यात बी थोडे कमी येते, पण गड्ड्याचे पैसे होतात. एकूण या रस्त्याने बी उत्तम येते, मात्र परक्या माणसावर आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या शेतावर विसंबावे लागते.

दुसरा रस्ता फ्रिजचा. तो मी दोनदा चालून पाहिला आहे. गड्डा धरण्याची वाट पाहण्याची गरज नाही. खोड पेन्सिलीहून जाड झाले आणि आठ-दहा पाने आली की रोप थंडी ओळखू लागते. म्हणून ऑगस्टमध्ये पावसापासून आडोसा करून रोपे तयार करावीत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती मुळांसकट उपटून बाहेरची मोठी पाने काढून टाकावीत, मुळे ओलसर वाळूत किंवा गोणपाटात गुंडाळावीत, आणि ४ ते ५ अंशांवर आठ आठवडे ठेवावीत. गोठण्याच्या कप्प्याजवळ ठेवू नयेत. पिकलेली फळे त्याच फ्रिजमध्ये असतील तर त्यांतून निघणाऱ्या वायूमुळे पाने झडतात. घरातल्या माणसांची परवानगी आधीच घ्यावी. सुरमईच्या डब्याशेजारी मातीची मुळे कोणालाच आवडत नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोपे बाहेर काढून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावीत आणि मग जमिनीत लावावीत. सर्व काही जुळले तर जानेवारीच्या अखेरीस दांडे वर येतात, फेब्रुवारीत फुले उमलतात आणि एप्रिलपर्यंत शेंगा पिवळ्या पडतात. हे वेळापत्रक दोन बाजूंनी आवळलेले आहे. उशीर झाला तर मार्चच्या उन्हात फुले बी न धरताच गळतात. आणखी उशीर झाला तर शेंगा वळवाच्या पावसात सापडतात. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरात रोपे फ्रिजमध्ये ठेवली आणि मला केवळ फुले पाहायला मिळाली. दुसऱ्या वर्षी चौदा रोपांपासून चहाचा चमचाभर बी निघाले.

एका झाडाचे बी पुरेसे होईल का?

एकटे झाड जवळजवळ बी धरत नाही. कोबीचे फूल स्वतःच्या झाडाचा पराग नाकारते, त्यामुळे एकाच वेळी फुललेली अनेक झाडे आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या मधमाश्या, दोन्ही लागतात. आपल्याकडील सातेरी माश्या हे काम चांगले करतात. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी टाळली म्हणजे झाले. बी धरण्यासाठी पाच-सहा झाडेही चालतील, पण वाण टिकवण्यासाठी ती कमी पडतात. थोड्या झाडांपासून पिढ्यान्‌पिढ्या बी घेतले तर कोबी खुरटत जातो. वीसच्या खाली जाऊ नये, पन्नास असतील तर उत्तम. एका घराच्या फ्रिजमध्ये पन्नास रोपे मावत नाहीत, म्हणून हे काम चार-पाच घरांनी मिळून करण्याजोगे आहे.

शेजारच्या फ्लॉवरशी किंवा मोहरीशी संकर होईल का?

मोहरी आणि मुळ्याची भीती बाळगू नये. फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही मात्र कोबीची सख्खी भावंडे आहेत, त्यांच्याशी संकर सहज होतो. प्रमाणित बियाण्यासाठी अशा पिकांपासून १००० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १६०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. कोकणात एक सोय आपोआप होते : शेजाऱ्यांचा कोबी फुलतच नाही. अडचण फ्लॉवरची आहे, कारण उष्ण हवेत तग धरणारे भारतीय फ्लॉवरचे वाण मैदानी भागातही फुलावर जातात. कोणाच्या वाफ्यात फ्लॉवरचा गड्डा न काढता राहिला असेल तर फेब्रुवारीपूर्वी तो विकत घेऊन टाकावा. वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडते.

बियांतून येणाऱ्या रोगाचे काय करावे?

पेरणीपूर्वी बी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ ते ३० मिनिटे ठेवावे आणि लगेच गार पाण्यात काढून सावलीत सुकवावे. तापमापकाशिवाय हा प्रयोग करू नये. दोन-तीन अंश वर गेले की बी मरते. जुने, क्षीण बी असेल तर हा उपचार त्याला सोसत नाही, अशा वेळी रोपांवरच लक्ष ठेवावे आणि पानाच्या कडेपासून आत जाणारा पिवळा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा डाग दिसताच ते रोप उपटून जाळावे.

पावसाळ्यात बी कसे राखावे?

बियांतील ओलावा एका टक्क्याने घटला की आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले तरी तसेच होते, असा बियाण्यांच्या साठवणुकीतला ढोबळ नियम आहे. कोकणात जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की उघडे बी पुन्हा पाणी शोषून घेते. म्हणून मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, बी सावलीत पूर्ण सुकवावे. कढईत कोरडे भाजून गार केलेले तांदूळ बियांच्या दुप्पट प्रमाणात बरणीच्या तळाशी घालावेत, त्यावर कापडी पुरचुंडीत बी ठेवावे, झाकण घट्ट लावून आठवडाभर ठेवावे, आणि मग तांदूळ बदलून बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. बरणी बाहेर काढली की सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांवर दव धरते. राखेची जुनी पद्धत किडीपासून वाचवते, पण आषाढातल्या ओलीला ती एकटी पुरी पडत नाही.

असे बी इतरांना देण्यास कायद्याची आडकाठी आहे का?

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून मात्र विकता येत नाही. जनुकपेढीतून कराराने घेतलेल्या नमुन्याला कराराच्या अटी लागू राहतात, त्या वाचून मगच वाटावे.

मिळालेल्या बियांपैकी किती पेराव्यात?

एका ग्रॅममध्ये कोबीच्या साधारण तीनशे बिया असतात, त्यामुळे छोटे पाकीटही वाटते त्याहून मोठे असते. निम्म्याहून अधिक कधीही पेरू नयेत. एक भाग पेरावा, एक भाग स्वतःच्या बरणीत ठेवावा, आणि तिसरा दुसऱ्या गावातल्या, शक्यतो घाटावरच्या ओळखीच्या माणसाकडे द्यावा. ऑक्टोबरात अवकाळी पाऊस येतो, वीज दोन दिवस जाते, फ्रिज बंद पडतो. माझे त्या चमचाभर बियांपैकी एक तृतीयांश बी सध्या साताऱ्याकडच्या एका घरात आहे, आणि ते कोणत्या डब्यात आहे हे तिथल्या दोघांना ठाऊक आहे.